आधी घालायचे पैसे

"गणितावर काहीतरी लिहा, पण मुलांना झोप येणार नाही असे लिहा," असे आपल्या वार्तापत्राच्या संपादकबाई गेली दोन वर्षे मला सांगत आहेत. मी टाळत होतो. यंदा दिवाळीच्या साफसफाईत टेबलाचा खालचा खण रिकामा करताना एक जुने पाकीट हाती लागले आणि लेखाचा विषय आपोआप ठरला. पाकिटावर जर्मनीची तिकिटे आहेत. आतल्या पत्रात एवढेच लिहिले आहे की, आपला शोधनिबंध हॅम्बुर्ग येथील परिषदेत सादर करण्यासाठी स्वीकारण्यात आला आहे, कृपया नोंदणी करावी. साल १९९५.

त्या परिषदेला मी गेलो नाही. ही गोष्ट घरच्यांखेरीज फारशी कोणाला ठाऊक नाही. आज ती सांगतो आहे ती स्वतःचे दुःख उगाळण्यासाठी नव्हे. तिच्याशी जोडलेली दुसरी एक गोष्ट आपल्या शाळेच्या एका मुलीची आहे आणि ती आपण सर्वांनी, विशेषतः विश्वस्त मंडळींनी आणि आता वरच्या वर्गांत असलेल्या मुलामुलींनी, माहीत करून घ्यावी असे मला वाटते.

आधी परिषदेविषयी थोडे. तिचे नाव लांबलचक आहे: इंटरनॅशनल काँग्रेस ऑन इंडस्ट्रियल अँड अप्लाइड मॅथेमॅटिक्स. म्हणजे उद्योगात आणि व्यवहारात उपयोगी पडणाऱ्या गणिताची जागतिक परिषद. पहिली १९८७ साली पॅरिसला भरली. तेव्हापासून ती दर चार वर्षांनी भरते. १९९१ साली वॉशिंग्टन, १९९५ साली हॅम्बुर्ग, मग एडिंबरो, सिडनी, झुरिच, व्हँकुव्हर, बीजिंग, व्हॅलेन्सिया. दहावी परिषद ऑगस्ट २०२३ मध्ये टोकियोच्या वासेदा विद्यापीठात झाली. आणि २०२७ ची नेदरलँड्समधील हेग येथे ठरली आहे.

आता उपयोजित गणित म्हणजे काय, असे मुले विचारतील. पाचवी-सहावीत आपण सर्वांनी टाकीची गणिते केली आहेत. एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो, तर टाकी किती वेळात भरेल? आम्हाला तेव्हा वाटायचे, भरताना दुसरा नळ उघडा ठेवणारा हा शहाणा कोण! पण जगातली बरीचशी उपयोजित गणिते याच कुळातली आहेत. किती आले, किती गेले, किती उरले. हवामानाचा अंदाज असो, विमानाचा पंख असो, शरीरात औषध कसे पसरते ते असो, हिशेबाचे मूळ हेच. फक्त टाकी एकच नसून लाखो असतात आणि नळ क्षणोक्षणी बदलत असतात.

माझा विषय होता मातीतून पाणी झिरपण्याचा. गुजरातेत भूजलाचा प्रश्न जुना आहे, तेव्हा या विषयावर काम करणारे आमच्याकडे बरेच होते. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा, कॉलेजात व्याख्याता, घरी आईवडील, पत्नी आणि दोन लहान मुले. दिवसा तास घ्यायचे आणि रात्री दांडिया बाजारातल्या आमच्या माळ्यावर बसून समीकरणे सोडवायची. निबंध स्वीकारल्याचे पत्र आले तेव्हा वडिलांनी पेढे आणले होते.

मग हिशेब मांडला. विमानाचे तिकीट, नोंदणी शुल्क, राहणे. माझ्या वर्षभराच्या शिलकीच्या कितीतरी पट रक्कम झाली. प्रवासासाठी मदत करणाऱ्या एका कार्यालयाकडे अर्ज केला. त्यांनी कळवले की अर्ज विचाराधीन आहे, मंजूर झाल्यास तिकिटाचा काही भाग परिषदेहून परत आल्यावर, मूळ पावत्या सादर केल्यानंतर मिळेल. म्हणजे आधी सगळे पैसे मी घालायचे, तेही मंजुरी येईल या भरवशावर. भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढायचा विचार केला, तर त्याच महिन्यात वडिलांना दवाखान्यात ठेवावे लागले. पत्नी म्हणाली, "माझे दागिने आहेत." मी नको म्हटले. कोणाकडे मागायचे हेही सुचेना. खरे सांगायचे तर सुचत होते, पण मागायची लाज वाटली. आमच्या पिढीत शाळेच्या फीसाठी कोणी मदत मागितली तर समाज द्यायचा. पण "मला जर्मनीला जायचे आहे, पैसे द्या" हे कुठल्या तोंडाने म्हणायचे?

परिषद जुलैमध्ये झाली. मंजुरीचे पत्र आले ते परिषद आटोपल्यानंतर.

या न जाण्याने माझे संशोधन थांबले असे म्हटले तर ते खोटे होईल. माणूस थांबतो तेव्हा त्याला बरीच कारणे असतात. पण पुढे दोन-तीन वर्षांनी एका नियतकालिकात एक निबंध वाचनात आला. माझाच प्रश्न, जवळपास माझीच वाट, फक्त माझ्यापेक्षा दोन पावले पुढे. लेखकाने तळटीपेत हॅम्बुर्गला झालेल्या चर्चेबद्दल काही सहकाऱ्यांचे आभार मानले होते. त्याने माझे काही चोरले नव्हते, त्याला मी माहीतही नव्हतो. मी अडलो होतो त्याच जागी तोही अडला असणार. तिथे कोणीतरी त्याला चार शब्द सांगितले आणि त्याची गाडी पुढे गेली. मी माळ्यावर एकटा अडून राहिलो. त्यानंतर हळूहळू मी शिकवण्यात रमलो. त्याचे मला दुःख नाही, शिकवणे हे चांगलेच काम आहे. पण ते पाकीट मी फेकूनही दिले नाही.

आता दुसरी गोष्ट. २०२३ च्या जून महिन्यातली.

आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीची आई माझ्याकडे आली. त्या घरगुती डबे देतात, आमच्या ओळखीच्या चार घरी त्यांचा डबा जातो. मुलगी आपल्याकडून दहावी झाली, बडोद्यातच एम.एस्सी. झाली आणि पीएच.डी.साठी परराज्यातल्या एका संस्थेत गेली. (नाव छापू नका असे तिने सांगितले आहे, म्हणून छापत नाही. शिक्षकांना ते कळेलच.) बाई ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, जपान किती लांब आहे?"

मला वाटले, मुलीचे लग्न ठरले. तर त्या म्हणाल्या, "तिचा पेपर लागलाय तिथं. ती म्हणते, आई, तू काळजी करू नको, मी नाही जात. पण फोनवर तिचा आवाज बरोबर येत नाही."

संध्याकाळी मी मुलीला फोन केला. तिचा विषय ऐकला आणि मनापासून आनंद झाला, कारण तो आपल्या विश्वामित्रीचा होता. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता, ते आपल्याला आठवत असेलच. पावागडच्या डोंगरातून येणारी ही छोटीशी नदी, वर सयाजीरावांच्या काळात बांधलेला आजव्याचा तलाव, आणि मधोमध शहर. पाणी गल्ल्यांत शिरले आणि पाण्याबरोबर नदीतल्या मगरीही. त्या वेळी ही मुलगी सुट्टीत घरी आली होती. आईचे पिठाचे डबे माळ्यावर चढवता चढवता तिच्या मनात प्रश्न आला, की हे पाणी कुठल्या गल्लीत आधी शिरते आणि का?

यासाठीची मूळ समीकरणे जुनी आहेत. फ्रान्सच्या सँ-व्हनाँ या अभियंत्याने ती १८७१ साली मांडली. शहराच्या नकाशाचे बारीक चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोन ही एक टाकी. शेजारच्या चौकोनांतून किती पाणी आले, किती गेले, त्याचा वेग किती, जमिनीचा उतार किती, रस्त्याचे घर्षण किती, हा हिशेब संगणकाने क्षणाक्षणाला करायचा. ऐकायला सोपे आहे. पण कोरड्या गल्लीत पाणी पहिल्यांदा शिरते तिथे घोटाळा होतो. वेग काढण्यासाठी प्रवाहाला खोलीने भागावे लागते आणि तिथे खोली जवळजवळ शून्य. शून्याने भागायचे नाही हे आपल्या बाईंनी चौथीतच सांगितले आहे! मग संगणक काहीही उत्तरे देऊ लागतो. "सर, एकदा तर आमच्याच गल्लीत उणे चार सेंटिमीटर खोल पाणी दाखवत होता," असे ती हसत हसत म्हणाली. हा घोटाळा टाळण्याची एक रीत तिने बसवली होती आणि तीच टोकियोला मांडायची होती.

"मग अडलंय कुठं?" मी विचारले. तिने हिशेब सांगितला. तिकीट साधारण ७० हजार. नोंदणी आणि व्हिसा मिळून २५ हजार. सहा दिवसांचे राहणे-खाणे, अगदी काटकसरीने, ३५ हजार. एकूण १ लाख ३० हजार. त्यापैकी तिकीट, नोंदणी आणि व्हिसाचे पैसे सरकारी प्रवास-साहाय्य योजनेतून मिळणार होते, मंजुरीही आली होती. मी म्हटले, "मग झालं की!" ती म्हणाली, "सर, ते परत आल्यावर मिळतात. बोर्डिंग पास आणि पावत्या जोडल्यावर."

मी काही वेळ काहीच बोललो नाही. अठ्ठावीस वर्षांत जग एवढे बदलले, पण "परत आल्यावर" हे दोन शब्द तसेच होते.

पालकांना वाटेल, पीएच.डी. करणाऱ्यांना शिष्यवृत्ती असते ना? असते. त्याच जूनमध्ये केंद्र सरकारने ती वाढवली. कनिष्ठ संशोधकाची दरमहा ३१ हजारांवरून ३७ हजार, वरिष्ठाची ३५ हजारांवरून ४२ हजार, आणि ती जानेवारीपासून लागू केली. कागदावर ती मुलगी वरिष्ठ संशोधक होती. पण तिच्या खात्यात त्या वेळी चार महिन्यांचे काहीच जमा झालेले नव्हते. येणार होते, नक्की येणार होते. तिकीट मात्र त्याच आठवड्यात काढायचे होते, रोज भाव चढत होता. शिवाय व्हिसासाठी बँकेतली शिल्लकही दाखवायची होती. गरिबी आणि तंगी यांत फरक आहे. तिची तंगी होती. पण काऊंटरवर दोन्ही सारख्याच दिसतात.

मी विषय विश्वस्त मंडळाच्या बैठकीत मांडला. आपल्या शाळेचा साहाय्य निधी आहे, त्यातून ही रक्कम देता येईल का?

बैठकीत मतभेद झाले आणि ते मी इथे प्रामाणिकपणे लिहितो, कारण विरोधात बोललेल्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आमचे ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "एवढ्या रकमेत आपल्या शाळेतल्या कितीतरी मुलांची वर्षाची फी होते. दात्यांनी पैसे त्यासाठी दिलेत, विमानासाठी नाही." दुसरे एक म्हणाले, "आता सगळं ऑनलाइन असतं. ही परिषदही घरबसल्या ऐकता येते म्हणे. मग जायलाच कशाला हवं?"

आणि मला कबूल करायला हवे की त्या क्षणी माझ्याही मनात एक क्षुद्र विचार येऊन गेला. मला कोणी दिले होते? मी नाही गेलो, काही बिघडले का? असा विचार येतो माणसाच्या मनात. जे आपल्याला मिळाले नाही ते दुसऱ्यालाही न मिळाल्याने आपला हिशेब बरोबर होतो असे उगीचच वाटते. मग खणातले पाकीट आठवले. काही बिघडले का, याचे उत्तर त्याच्यात होते.

मी उठून पहिल्यांदाच हॅम्बुर्गची हकीकत सांगितली. ऑनलाइनबद्दल म्हणालो, "व्याख्यान घरबसल्या ऐकता येते हे खरे. पण व्याख्यान संपल्यावर चहाच्या टेबलापाशी जो माणूस येऊन म्हणतो की, तुमचे अमुक ठिकाणी चुकते आहे, तो पडद्यावर भेटत नाही. आपण लग्नाला जातो ते मंगलाष्टके ऐकायला का?" त्यावर सगळे हसले आणि वातावरण जरा सैल झाले. मग मी मुख्य मुद्दा मांडला. ही मुलगी दान मागत नाही. पैसे परत येणार आहेत, फक्त ते आधी घालायला कोणीतरी हवे.

निधीच्या घटनेत तशी तरतूद नव्हती, त्यामुळे निधीतून काही देता आले नाही आणि ते योग्यच झाले. नियम मोडून केलेली मदत पुढे टिकत नाही. पण बैठक संपल्यावर आम्ही सात माजी विद्यार्थी मागे थांबलो. त्यांत फीचा मुद्दा काढणारे ज्येष्ठ विश्वस्तही होते. "निधीचे पैसे द्यायला माझा विरोध आहे, माझे द्यायला नाही," असे म्हणून त्यांनीच पहिला चेक लिहिला. तिसऱ्या दिवशी १ लाख ३० हजार तिच्या खात्यात जमा झाले. बिनव्याजी, हातउसने.

इथे आपल्या बडोद्याच्या इतिहासातली एक गोष्ट आठवते. १९१३ साली महाराजा सयाजीरावांनी एका तरुण पदवीधराला अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परत आल्यावर संस्थानात नोकरी करण्याची अट. तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यानंतरच्याच वर्षी, मार्च १९१४ मध्ये, रामानुजन मद्रासहून इंग्लंडला निघाले तेही मद्रास विद्यापीठाची वर्षाला २५० पौंडांची शिष्यवृत्ती हाती आल्यावर. दोन्ही ठिकाणी पैसे देणाऱ्यांनी ते आधी दिले. त्या दोघांना "तुम्ही जाऊन या, मग बघू" असे म्हटले असते तर काय झाले असते, याचा विचार मुलांनी करावा. आपल्यातले सगळेच काही आंबेडकर किंवा रामानुजन होणार नाहीत. पण आधी कोणाला ओळखू येते?

आणि ही अडचण काही आपल्यापुरती नाही. जगभरच्या गणितज्ञांना ती माहीत आहे. २०१४ साली दक्षिण कोरियातील सोल येथे गणितज्ञांची दुसरी मोठी जागतिक परिषद भरली, तेव्हा यजमानांनी विकसनशील देशांतल्या एक हजार गणितज्ञांच्या येण्याला मदत केली. कोरियाही एकेकाळी घेणारा देश होता, आता तो देणारा झाला, अशी त्यामागची भावना होती. त्याआधीची, २०१० सालची परिषद तर आपल्याच हैदराबादला भरली होती. तिला मी रेल्वेने जाऊन आलो. तिथे आपल्या देशातली किती तरुण मुले होती! रेल्वेच्या तिकिटात जग भेटले की ती सगळी येतात. विमानाचे तिकीट लागले की त्यांतली थोडीच दिसतात. हुशारी तेवढीच असते.

तर मुलगी टोकियोला गेली. परत आल्यावर एका रविवारी आमच्याकडे आली तेव्हा तिने जे सांगितले ते थोडक्यात लिहितो.

ऑगस्टमधला टोकियोचा उकाडा आपल्यासारखाच, तेव्हा घरची आठवण यायचे कारण नव्हते. आईने दशम्या, मेतकूट आणि बडोद्याचा लीलो चेवडो बांधून दिला होता. तो चेवडा तिने एका ब्राझीलच्या मुलीला दिला, तर तिने दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना घेऊन येऊन तो संपवला. हजारो लोक आणि एकाच वेळी अनेक वर्गांत व्याख्याने. तिच्या वर्गात बाराजण होते. "बाराच?" असे माझी पत्नी म्हणाली. तर ती म्हणाली, "काकू, माझा विषय कळणारे एकदम बाराजण मी आधी कधी पाहिलेच नव्हते."

तिचे व्याख्यान वीस मिनिटांचे. संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका वयस्क संशोधकाने एकच प्रश्न विचारला. "तुमच्या हिशेबात साठलेले, अगदी शांत पाणी शांतच राहते का? उतारावर नव्हे, जिथे जमीन एकदम उंच होते तिथे?" तिने उतारावर पडताळून पाहिले होते. पण आपल्या गल्ल्यांत ओटे असतात, पायऱ्या असतात, कुंपणाच्या भिंती असतात. त्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत तिने लॅपटॉपवर करून पाहिले. पायरीपाशी शांत पाणी आपोआप हलू लागत होते. न आलेला पूर संगणक दाखवत होता! दुसऱ्या दिवशी ती त्या गृहस्थांना शोधत गेली. त्यांनी दीड तास बसून कागदावर दुरुस्तीची दिशा दाखवली. "सर, ही चूक मला कधीतरी सापडली असती," ती म्हणाली, "पण प्रबंध दिल्यानंतर सापडली असती."

ते ऐकताना मला जे वाटले ते लिहिता येण्याजोगे नाही. पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि ती उठून चहा करायला आत गेली.

पैशांचे काय झाले, हे विश्वस्तांना आणि पालकांना सांगायला हवे. ९५ हजारांची भरपाई जानेवारी २०२४ मध्ये तिच्या खात्यात आली आणि त्याच संध्याकाळी ती आमच्याकडे वळती झाली. उरलेले ३५ हजार तिने शिष्यवृत्तीतून दरमहा पाच हजार असे सात हप्त्यांत फेडले. एकदाही आठवण करावी लागली नाही. शेवटचा हप्ता आला त्या दिवशी तिच्या आईने सातही घरी पुरणपोळीचा डबा पाठवला.

आम्ही सातजणांनी ठरवले की ही रक्कम आता परत घ्यायची नाही. विश्वस्त मंडळाने रीतसर ठराव करून तिचा वेगळा "हातउसना निधी" केला. शाळेच्या फीच्या निधीला त्याचा धक्का लागत नाही. नियम तीनच आहेत. शाळेचा माजी विद्यार्थी असावा, परिषदेचे किंवा संस्थेचे स्वीकृतीपत्र असावे, आणि पैसे परत कोठून येणार याचा कागद असावा. व्याज नाही. त्यानंतर आणखी दोघांनी तो वापरला. एक मुलगा परदेशी गेला आणि एक मुलगी देशातल्याच उन्हाळी प्रशिक्षणाला. तेच १ लाख ३० हजार तिसऱ्यांदा फिरत आहेत. गावाकडे पूर्वी बियाण्याची अशीच पद्धत होती, पेरणीला न्यायचे आणि सुगीला परत आणून ठेवायचे.

एक गोष्ट राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पुन्हा मोठा पूर आला. पाणी ओसरायच्या आत तिचा मला फोन, "सर, भिंतींवर पाण्याची रेघ उमटली असेल. धुऊन जायच्या आधी मोजून ठेवाल का? माझा हिशेब खरा की खोटा ते तिच्यावरूनच कळेल." माझ्या एकट्याच्याने होणारे काम नव्हते. शाळेच्या नववीच्या मुलामुलींनी शिक्षकांबरोबर, चिखलात मोजपट्टी आणि खडू घेऊन, गल्लोगल्ली चाळीसेक ठिकाणच्या खुणा मोजल्या आणि वहीत लिहून ठेवल्या. त्या वहीतले आकडे आज तिच्या प्रबंधात आहेत. काही ठिकाणी तिचा हिशेब बरोबर आला, काही ठिकाणी वीतभर चुकला. का चुकला यावर ती सध्या काम करते आहे. टोकियोच्या त्या दीड तासाचा उपयोग शेवटी आपल्याच गल्लीत झाला, तो असा.

वरच्या वर्गांतल्या आणि कॉलेजात गेलेल्या मुलांना दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पासपोर्ट आधी काढून ठेवा, स्वीकृतीपत्र आल्यावर धावपळ करू नका. अशा परिषदांचे आयोजक तरुण संशोधकांसाठी बहुधा काही मदत ठेवतात. तिचा अर्ज वेगळा असतो आणि मुदत निबंधाच्या मुदतीच्या आसपासच संपते. सरकारी योजना, आपली संस्था आणि आयोजक, तिन्हीकडे अर्ज करा आणि कोणाकडून काय मिळणार हे प्रत्येकाला खरे सांगा. प्रवासातला कागदाचा कपटाही टाकू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मागायला लाजू नका. मी लाजलो होतो.

हॅम्बुर्गचे ते पाकीट मी आता खणात ठेवलेले नाही. हातउसन्या निधीची फाईल शाळेच्या कार्यालयात आहे, तिच्यात पहिल्याच पानावर ते लावून टाकले आहे. २०२७ च्या हेगच्या परिषदेला आपल्या शाळेतले कोणी निघाले तर त्याने ती फाईल जरूर उघडावी. ज्येष्ठ विश्वस्त परवाच विचारत होते, "यंदा कोणी मागायला आलं नाही का?"